सुरक्षिततेची मुदत : भारतीय वाहनमानकांची वाटचाल

भारतात विक्रीला येणाऱ्या मोटारगाडीच्या प्रत्येक नव्या नमुन्याला रस्त्यावर येण्याआधी एक परीक्षा द्यावी लागते आणि ती परीक्षा गाडी विकत घेणाऱ्याच्या सहसा दृष्टीस पडत नाही. ब्रेक दाबल्यावर गाडी किती अंतरात थांबली पाहिजे, दिव्याचा झोत समोरून येणाऱ्याचे डोळे न दिपवता रस्त्यावर कसा पडला पाहिजे, पुढची काच फुटली तर तिचे तुकडे कसे झाले पाहिजेत, आसन गाडीच्या तळाशी किती घट्ट जखडलेले असले पाहिजे, अशा असंख्य बाबी त्या परीक्षेत तपासल्या जातात. या बाबी मोजमापाच्या भाषेत लिहून काढल्या की त्यांचे मानक बनते आणि ते पाळल्याशिवाय गाडी विकता येणार नाही असे सरकारने अधिसूचनेद्वारे जाहीर केले की ते सक्तीचे होते. मानक लिहिले जाणे आणि ते सक्तीचे होणे या दोन घटनांमध्ये भारतात वारंवार वर्षानुवर्षांचे अंतर पडत गेले. हे अंतर का पडले, ते कशामुळे कमी झाले आणि मधल्या काळाची किंमत कोणी मोजली, या प्रश्नांभोवती भारतीय वाहनसुरक्षेचा सारा इतिहास फिरतो.

हा इतिहास समजून घेण्यासाठी सुरक्षिततेच्या दोन अंगांमधला फरक आधी स्पष्ट व्हायला हवा. ब्रेक, सुकाणू, दिवे, टायर आणि भोंगा ही अपघात टळावा म्हणून असलेली साधने असून अभियंते त्यांना सक्रिय सुरक्षिततेची साधने म्हणतात. सीटबेल्ट, एअरबॅग आणि आघात शोषून घेणारा गाडीचा सांगाडा ही अपघात घडलाच तर आतला माणूस वाचावा म्हणून असलेली साधने असून त्यांना निष्क्रिय सुरक्षिततेची साधने असे नाव आहे. पहिल्या अंगाचा विचार चालकाच्या कौशल्याशी जोडलेला आहे, तर दुसऱ्या अंगाच्या मुळाशी असे गृहीत आहे की माणूस चुकणारच आणि त्या चुकीची शिक्षा मृत्यू असता कामा नये. भारतीय कायद्याला पहिले अंग आरंभापासून उमगले होते. दुसरे अंग मात्र त्यात फार उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी आले.

कायद्याची पहिली पावले

देशभर लागू झालेला पहिला मोटार वाहन कायदा १९१४ सालचा होता. त्याची जागा १९३९ च्या कायद्याने घेतली आणि वाहनांची रचना, त्यांवरील साधने व त्यांची देखभाल यांविषयी नियम करण्याचा अधिकार त्याने प्रांतांकडे सोपवला. त्यामुळे स्वातंत्र्यानंतरही प्रत्येक राज्याची नियमावली वेगळी राहिली. महाराष्ट्रात मुंबई मोटार वाहन नियम, १९५९ हीच दीर्घकाळ आधारभूत नियमावली होती. गाडी एकाच कारखान्यातून बाहेर पडून साऱ्या देशात धावत असताना तिच्या रचनेचे नियम मात्र राज्यागणिक ठरावेत, ही व्यवस्था आधुनिक मानकांच्या कल्पनेला मुळातच मानवणारी नव्हती.

१९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला, तेव्हा हे चित्र पालटले. त्याच्या सातव्या प्रकरणातील कलम ११० ने वाहनाच्या रचनेविषयी नियम करण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे दिला आणि त्याआधारे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ तयार झाले. मात्र याच प्रकरणाच्या आरंभी, कलम १०९ मध्ये, वाहनाच्या रचनेबाबत जी मूलभूत अट घातली आहे ती लक्षपूर्वक वाचण्याजोगी आहे. प्रत्येक वाहन असे बांधलेले व राखलेले असावे की ते सदैव चालकाच्या परिणामकारक नियंत्रणात राहील, असे ते कलम सांगते. नियंत्रण सुटल्यानंतरच्या क्षणाचा, म्हणजे आतल्या माणसाच्या शरीरावर येऊन कोसळणाऱ्या आघाताचा, उल्लेख त्यात नाही. ते कलम चालकाकडे पाहत होते. प्रवाशाच्या देहाकडे त्याचे लक्ष अद्याप गेलेले नव्हते.

जगात घडलेला विचारपालट

हे लक्ष जगात इतरत्र तीस वर्षे आधी वळले होते. स्वीडनच्या व्होल्वो कंपनीतील अभियंता निल्स बोलिन याने १९५९ साली खांदा, छाती आणि कंबर यांना एकाच पट्ट्याने तीन बिंदूंवर बांधणारा सीटबेल्ट सिद्ध केला आणि कंपनीने तो इतर सर्व उत्पादकांना वापरू दिला. अमेरिकेत राल्फ नेडर यांचे मोटारउद्योगावर टीका करणारे पुस्तक १९६५ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले, त्यावर मोठे वादळ उठले आणि ९ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी राष्ट्रीय वाहतूक व मोटार वाहन सुरक्षा कायद्यावर स्वाक्षरी केली. त्या कायद्याची अंमलबजावणी ज्यांच्याकडे आली ते विल्यम हॅडन हे पेशाने डॉक्टर होते. साथीच्या रोगाचा अभ्यास जसा रोगजंतू, माणूस आणि परिसर यांच्या संदर्भात करतात तसाच अपघाताचाही करता येतो, आणि अपघातापूर्वी, अपघाताच्या क्षणी व अपघातानंतर अशा तिन्ही टप्प्यांवर जीव वाचवण्याचे उपाय शोधता येतात, ही दृष्टी त्यांनी रूढ केली. अपघात म्हणजे दैवाचा घाला ही समजूत या दृष्टीपुढे टिकण्यासारखी नव्हती.

याच काळात मानकांचे पालन तपासण्याच्या दोन पद्धती जगात रुळल्या. अमेरिकेत उत्पादक स्वतःच आपली गाडी मानकांप्रमाणे असल्याचे प्रमाणित करतो आणि सरकार बाजारातून गाड्या विकत घेऊन त्यांची चाचणी करते. खोटेपणा उघड झाला की गाड्या परत बोलावाव्या लागतात व दंड होतो. युरोपात, जिनिव्हा येथे १९५८ साली झालेल्या करारानुसार, गाडीचा नमुना आधी मान्यताप्राप्त संस्थेकडे द्यावा लागतो, चाचण्या उत्तीर्ण झाल्यावर प्रमाणपत्र मिळते आणि मगच विक्री सुरू होते. या दुसऱ्या पद्धतीला नमुना-मान्यता म्हणतात. पुण्याच्या मोटारउद्योगात तिच्यासाठी 'होमोलोगेशन' हाच शब्द सर्रास कानी पडतो. भारताने ही दुसरी वाट धरली.

पुण्याची टेकडी आणि टंचाईचा काळ

अमेरिकेत सुरक्षा कायदा झाला त्याच वर्षी, १९६६ साली, पुण्यात ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था उद्योग आणि केंद्र सरकार यांच्या सहकार्याने स्थापन झाली. कोथरूडच्या बाजूने वेताळ टेकडीवर वसलेल्या या संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्या भागाला आज कित्येक पुणेकर एआरएआय टेकडी म्हणूनच ओळखतात. पिंपरी, आकुर्डी व भोसरीचा औद्योगिक पट्टा जवळ असल्याने संशोधन संस्थेला ही जागा सोयीची होती आणि पुढील काळात देशातील वाहनचाचणीचे हे एक प्रमुख केंद्र बनले.

तथापि संस्था स्थापन झाली म्हणून मानकांना लगेच धार आली असे झाले नाही, कारण बाजाराची रचनाच तशी होती. कोलकात्याजवळ बनणारी अ‍ॅम्बॅसेडर, मुंबईत कुर्ल्याला बनणारी फियाट, जी पुढे प्रीमियर पद्मिनी झाली, आणि मद्रासची स्टँडर्ड अशा मोजक्याच गाड्या उपलब्ध होत्या. परवान्यांनी बांधलेले उत्पादन इतके तुटपुंजे होते की गाडीसाठी ग्राहकाला वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत थांबावे लागे. गाडी मिळणे हेच भाग्य मानले जात असताना ती किती सुरक्षित आहे हे विचारायला जागाच उरत नव्हती. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि त्यानंतरच्या दशकात खुल्या आर्थिक धोरणामुळे बाजार विस्तारला. रस्त्यांवर वेग वाढला, गाड्या हलक्या झाल्या आणि सुरक्षिततेचा प्रश्न टाळण्याजोगा राहिला नाही.

१९८९ च्या नियमावलीतील नियम १२६ ने नमुना-मान्यतेची चौकट उभी केली. या नियमानुसार प्रत्येक नव्या वाहनाचा नमुना सरकारने नेमून दिलेल्या संस्थेकडे चाचणीसाठी द्यावा लागतो. अशा संस्थांमध्ये पुण्याची एआरएआय, भोसरीजवळची केंद्रीय रस्ता परिवहन संस्था आणि संरक्षण खात्याची अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील वाहन संशोधन व विकास संस्था अशा तीन संस्था महाराष्ट्रातील आहेत. पुढे १२६-अ हा नियम आला व त्याने उत्पादनाच्या अनुरूपतेची तपासणी घालून दिली. म्हणजे चाचणीला दिलेला नमुना जसा उत्तम होता तशीच रोज कारखान्यातून बाहेर पडणारी गाडीही आहे का, हे ठरावीक काळाने तपासले जाऊ लागले. या दुसऱ्या तपासणीशिवाय पहिल्या प्रमाणपत्राला फारसा अर्थ राहत नाही.

पदराची जाळी : इथल्या मातीतले मानक

भारतीय मानके परदेशातून जशीच्या तशी उचलली गेली, असा एक समज आहे आणि बऱ्याच अंशी तो खराही आहे. परंतु याच नियमावलीतील नियम १२३ या समजाला छेद देतो. मागे बसणाऱ्याची सोय असलेल्या मोटारसायकलला धरण्यासाठी कायमची मूठ, पाय टेकण्यासाठी आधार आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षक साधन असलेच पाहिजे, असे तो नियम सांगतो व त्याचा हेतूही नोंदवतो : मागे बसलेल्या व्यक्तीचे कपडे चाकात अडकू नयेत. डाव्या बाजूला चाकाशेजारी बसवलेली सळयांची किंवा पत्र्याची ती जाळी भारतातील प्रत्येकाने पाहिलेली आहे आणि बोलीत तिला साडी गार्ड असे म्हणतात. साडी नेसून दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसलेल्या स्त्रीचा पदर किंवा ओढणीचे टोक फिरत्या आऱ्यांत गेले तर ती क्षणार्धात मागे खेचली जाते. हा धोका युरोपच्या किंवा जपानच्या नियमकर्त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. इथल्या लोकांचे कपडे, त्यांची बसण्याची रीत आणि त्यातून होणाऱ्या इजा यांकडे पाहून लिहिलेले हे मानक आहे. स्वस्त, साध्या आणि दुरुस्तीला सोप्या अशा एका जाळीने हे काम होते. मानक कसे जन्माला यावे याचा हा वस्तुपाठ इतर बाबतींत मात्र क्वचितच गिरवला गेला.

पट्टा आला, आघातचाचणी राहिली

मोटारींच्या पुढच्या आसनांना सीटबेल्ट बसवणे १९९४ पासून आणि मागच्या आसनांना तो बसवणे २००२ पासून सक्तीचे झाले. बोलिनच्या शोधानंतर पस्तीस वर्षांनी पट्टा भारतीय गाडीत आला, तरी तो शरीरावर यायला त्याहून अधिक काळ लागणार होता. मागच्या आसनावरचा पट्टा तर अनेक घरांमध्ये आसनाच्या खोबणीत दडपूनच ठेवला जात असे.

मानके लिहिण्याच्या कामाला स्थायी स्वरूप मिळाले ते १९९७ साली. तत्कालीन भूपृष्ठ परिवहन मंत्रालयाने १५ सप्टेंबर १९९७ च्या आदेशाने वाहनउद्योग मानक समिती नेमली आणि तिच्या सचिवालयाचे काम एआरएआयकडे आले. ही समिती मसुदा तयार करते, केंद्रीय मोटार वाहन नियमांची तांत्रिक स्थायी समिती त्यावर शिफारस करते आणि मंत्रालय अधिसूचना काढते. मंजूर मानकाला 'एआयएस' ही अक्षरे आणि क्रमांक मिळतो. समिती नेमण्यामागचे कारणही विचारात घेण्यासारखे होते. मानक प्रसिद्ध होऊन चाचणीची यंत्रणा उभी राहिल्याखेरीज उत्पादकाला सुधारित भाग विकसित करता येत नाही. म्हणून मानकाचे लेखन आणि प्रयोगशाळेची उभारणी ही कामे एकाच वेळी चालावीत, असे सरकारला वाटत होते. रोगाचे निदान अचूक होते. तरीही समोरासमोरच्या धडकेची पूर्ण चाचणी सक्तीची व्हायला त्यानंतर वीस वर्षे लागली.

या वीस वर्षांच्या दिरंगाईची तुलना प्रदूषणाच्या मानकांशी केली तर कारणे अधिक उलगडतात. सर्वोच्च न्यायालयाने २९ एप्रिल १९९९ रोजी दिल्ली परिसरासाठी युरोपीय धर्तीच्या धूरनियमांचा आदेश दिला आणि काही महिन्यांतच उत्पादकांनी इंजिने बदलली, म्हणजे उद्योगाला जमत नव्हते असे म्हणता येत नाही. धूर सर्वांच्या श्वासात जातो, त्यामुळे त्याविरुद्ध शहराचा आवाज उठतो. अपघातात दगावणारा माणूस एकेकटा जातो, त्याच्या घरचे लोक चालकाला किंवा नशिबाला दोष देतात, आणि गाडीच्या सांगाड्याने त्याला वाचवायला हवे होते ही तक्रार कोणाच्याही मनात येत नाही. शिवाय आघातचाचणीसाठी लागणाऱ्या सुविधा महागड्या होत्या; त्या उभारण्यासाठी केंद्राने २००५ मध्ये १७१८ कोटी रुपयांचा राष्ट्रीय प्रकल्प मंजूर केला. मानेसर, चेन्नईजवळील ओरगडम आणि इंदूरजवळील पिथमपूर येथे त्यातून नवी केंद्रे आली, तर पुणे व अहमदनगर येथील जुन्या संस्थांना नवी साधने मिळाली. पिथमपूरची ११.३ किलोमीटर लांबीची अतिवेगवान धावपट्टी जून २०२१ मध्ये खुली झाली, यावरून या उभारणीला लागलेल्या काळाची कल्पना येते. दरम्यान २००६ साली भारत संयुक्त राष्ट्रांच्या १९९८ च्या जागतिक वाहनमानक करारात सहभागी झाला आणि देशी मानके आंतरराष्ट्रीय मानकांच्या जवळ नेण्याचे धोरण पक्के झाले.

जानेवारी २०१४

जे काम समित्यांना दीड दशकात साधले नव्हते त्याला एका बाहेरच्या संस्थेच्या चाचणीने गती दिली. ग्लोबल एनकॅप या ब्रिटनमधील स्वयंसेवी संस्थेने ३१ जानेवारी २०१४ रोजी भारतात सर्वाधिक खपणाऱ्या गाड्यांपैकी पाच छोट्या गाड्यांच्या, म्हणजे मारुती सुझुकी अल्टो ८००, टाटा नॅनो, ह्युंदाई आय१०, फोर्ड फिगो आणि फोक्सवॅगन पोलो यांच्या चाचणीचे निष्कर्ष दिल्लीत जाहीर केले. ताशी ६४ किलोमीटर वेगाच्या धडकेत एअरबॅग नसलेल्या या पाचही गाड्यांना प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी शून्य तारे मिळाले. त्यांपैकी पोलो आणि फिगो यांचे सांगाडे स्थिर राहिले, तर उरलेल्या तिन्हींचे सांगाडे आघातात कोलमडले, हा तपशील विशेष महत्त्वाचा होता. कारण सांगाडा टिकला तरच एअरबॅगला माणूस वाचवण्याइतकी जागा मिळते. पोलोच्या उत्पादकाने एअरबॅगविना गाडी विकणे थांबवले आणि दोन एअरबॅग असलेल्या त्याच गाडीला फेरचाचणीत चार तारे मिळाले.

आमच्या गाड्या देशातील सर्व मानके पूर्ण करतात, असे उत्तर उद्योगाने दिले आणि ते शब्दशः खरे होते. त्या उत्तरातच साऱ्या व्यवस्थेची उणीव उघडी पडली, कारण या स्वरूपाची धडकचाचणी मानकांत सक्तीची झालेलीच नव्हती. भारतातल्याच कारखान्यांतून युरोपात निर्यात होणाऱ्या छोट्या गाड्यांना मात्र तिथल्या धडकचाचणीची अट पूर्ण करावी लागत होती. तंत्रज्ञान देशात होते, कामगारांचे हात तेच होते. फरक होता तो गाडी ज्या देशात जाणार त्या देशाने काय मागितले याचा.

याच वर्षी ३ जून रोजी केंद्रीय ग्रामविकास मंत्री गोपीनाथ मुंडे यांचा दिल्लीत पहाटे मोटार अपघातात मृत्यू झाला. मंत्रिपदाची शपथ घेऊन त्यांना जेमतेम आठ दिवस झाले होते. ते मागच्या आसनावर बसले होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. बीड जिल्ह्यावर आणि साऱ्या महाराष्ट्रावर शोककळा पसरली, आणि मागे बसणाऱ्याला पट्ट्याची गरज नसते हा सार्वत्रिक गैरसमज देशाला प्रथमच एवढ्या जवळून दिसला. त्याआधी २२ एप्रिलला, कोइम्बतूरचे अस्थिशल्यविशारद डॉ. एस. राजसीकरन यांच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाने रस्तासुरक्षेच्या अंमलबजावणीवर देखरेखीसाठी समिती नेमली होती. संसद, न्यायालय, वृत्तपत्रे आणि ग्राहक हे सर्वजण एकाच वर्षात एकच प्रश्न विचारू लागले, त्यामुळे जुनी मुदतवाढ पुढे रेटणे सरकारला आणि उद्योगाला अवघड होऊन बसले.

एक दशांश सेकंद

१ ऑक्टोबर २०१७ पासून मोटारींच्या नव्या नमुन्यांना आणि १ ऑक्टोबर २०१९ पासून आधीच विक्रीत असलेल्या नमुन्यांनाही धडकचाचणी सक्तीची झाली. त्यांतील एआयएस-०९८ ही समोरच्या धडकेची चाचणी असून तिचे स्वरूप जवळून पाहणे उद्बोधक ठरते. गाडी ताशी ५६ किलोमीटर वेगाने अशा अडथळ्यावर सोडली जाते ज्याचा दर्शनी भाग मधाच्या पोळ्यासारख्या ॲल्युमिनियमच्या घरांचा असतो. समोरून येणारी दुसरी गाडी जशी चेपत जाते तसाच तो चेपतो. गाडीच्या रुंदीचा केवळ ४० टक्के भाग, तोही चालकाच्या बाजूचा, त्यावर आदळतो, कारण रस्त्यावर ओव्हरटेक करताना होणाऱ्या धडका बहुतेक वेळा अशाच अर्धवट असतात. आत पट्टा लावून बसवलेल्या मानवाकृती बाहुल्यांच्या डोक्यात, मानेत, छातीत व मांडीत संवेदक असतात आणि सुमारे एक दशांश सेकंदात घडून जाणाऱ्या त्या घटनेचे प्रत्येक कंपन नोंदले जाते. डोक्यावरील आघाताचा निर्देशांक ठरलेल्या मर्यादेत राहावा, सुकाणूचे चाक छातीकडे फार सरकू नये, धडकेच्या वेळी दार उघडू नये, पण धडकेनंतर आसनांच्या प्रत्येक रांगेसाठी निदान एक दार हत्याराविना उघडता यावे, पट्टा सहज सुटावा आणि इंधनाची गळती नगण्य असावी, अशा अटी तिथे तपासल्या जातात. माणसाला बाहेर काढणाऱ्या हातांचाही विचार करणारे हे मानक आहे. त्याच्या जोडीला एआयएस-०९९ ही ताशी ५० किलोमीटर वेगाने बाजूने होणाऱ्या धडकेची चाचणीही लागू झाली.

यानंतरची पावले झपाट्याने पडली. चाके अडकून गाडी घसरू नये म्हणून ब्रेकचा दाब क्षणोक्षणी सैल-घट्ट करणारी एबीएस यंत्रणा एप्रिल २०१९ पर्यंत सर्व मोटारींना आणि १२५ सीसीवरील दुचाकींना सक्तीची झाली. १ जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग, पट्टा न लावल्यास वाजणारी सूचना, वेग वाढल्याचा इशारा आणि मागे घेताना अडथळा ओळखणारे संवेदक अनिवार्य ठरले. शेजारच्या आसनाची एअरबॅग २०२२ सुरू होईपर्यंत सर्व मोटारींत आली. २०१९ च्या दुरुस्ती कायद्याने मूळ कायद्यात ११०-अ हे कलम घातले व सदोष गाड्या परत बोलावण्याचा हुकूम देण्याचा अधिकार सरकारला मिळाला. तोवर गाडी परत बोलावणे ही उत्पादकांची स्वेच्छेची बाब होती. डिसेंबर २०१८ मध्ये पाच तारे मिळवणारी टाटा नेक्सॉन ही पहिली भारतीय बनावटीची गाडी ठरली. शून्यापासून पाचपर्यंतचे अंतर देशी उद्योगाने पाच वर्षांच्या आत कापले, ही अभिमानाची गोष्ट आहे. आणि ते इतक्या लवकर कापता येत होते तर आधीची वर्षे का गेली, हा प्रश्नही तिच्यातूनच उभा राहतो.

तारे आणि किमान हक्क

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. तेही मागच्या आसनावर होते आणि त्यांनीही पट्टा लावलेला नव्हता. पुढे बसलेले दोघे बचावले. सर्व मोटारींना सहा एअरबॅग सक्तीच्या करण्याचा मसुदा त्याच वर्षी जानेवारीत निघाला होता, परंतु सक्तीची मुदत आधी ऑक्टोबर २०२३ पर्यंत पुढे गेली आणि नंतर ही सक्ती करणार नसल्याचे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी जाहीर केले. तिच्या जागी ग्राहकाच्या निवडीवर भर देणारी भारत एनकॅप ही योजना २२ ऑगस्ट २०२३ रोजी जाहीर होऊन १ ऑक्टोबरपासून सुरू झाली. ताशी ६४ किलोमीटर वेगाच्या धडकेवर आधारित तारांकन तिच्यात दिले जाते, तथापि त्यात सहभागी होणे उत्पादकाच्या मर्जीवर आहे. तारे पाहून गाडी घेणारा ग्राहक घडणे निश्चितच इष्ट आहे; परंतु तारे विकत घेण्याची ऐपत नसलेल्या माणसाचे रक्षण सक्तीचे मानकच करू शकते, ही गोष्ट नजरेआड होता कामा नये.

बसच्या बाबतीत हे फार कठोरपणे जाणवते. बसची बांधणी कशी असावी याची एआयएस-०५२ ही संहिता २००१ मध्येच प्रसिद्ध झाली होती, पण सांगाडा एका कंपनीकडून घ्यायचा आणि वरची बॉडी छोट्या-मोठ्या बांधणीदारांकडून करून घ्यायची, अशी रीत देशभर रुळलेली असल्याने तिच्या सक्तीला वारंवार मुदतवाढ मिळत गेली. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर बुलढाणा जिल्ह्यात समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याकडे येणारी खाजगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. बाहेर पडण्याची वाट, काच फोडण्याची साधने आणि आग पसरू न देणारे साहित्य या गोष्टी बसच्या मानकांत का लिहाव्या लागतात, हे त्या रात्रीने महाराष्ट्राला दाखवले.

दुचाकीस्वारांच्या वाट्याला तर या साऱ्या प्रगतीतले फारच थोडे आले. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांपैकी १६,७१५ जणांनी सीटबेल्ट लावलेला नव्हता, आणि एकूण मृतांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवर होते. त्यांच्याभोवती चेपणारा सांगाडा नसतो आणि धडकचाचणीची सारी प्रगती त्यांच्या बाजूने निघून जाते. उत्तम ब्रेक, दिवे, प्रमाणित हेल्मेट आणि पदराची ती जाळी एवढेच त्यांचे रक्षण आहे.

या इतिहासाने एक गोष्ट पुन्हा पुन्हा सिद्ध केली आहे. ज्ञान देशात होते, संस्था होत्या आणि अभियंतेही होते. कमी पडली ती ठरलेली तारीख पाळण्याची इच्छाशक्ती. यापुढे मानकाची मुदत पुढे ढकलण्याचा प्रत्येक निर्णय घेताना, त्या वाढीव काळात रस्त्यावर येणाऱ्या गाड्या पुढील पंधरा वर्षे धावणार आहेत, याचा हिशेब संबंधितांनी जाहीरपणे मांडला पाहिजे. आणि मानकाने गाडीत बसवून दिलेला मागच्या आसनाचा पट्टा प्रत्येक प्रवाशाने आजपासूनच लावला पाहिजे, कारण त्यासाठी कोणत्याही अधिसूचनेची वाट पाहायची नाही.